तू, तुम्ही आणि मिस्टर

मे १९३८मध्ये जेली रोल मॉर्टन हे पियानोवादक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये वाढलेले आणि १९२०च्या दशकात आपल्या ‘रेड हॉट पेपर्स’ या बँडच्या तबकड्यांमुळे गाजलेले मॉर्टन तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा नाइटक्लबमध्ये पियानो वाजवत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमाने डब्ल्यू. सी. हँडी यांना जॅझचं जनकत्व देऊन टाकलं होतं. मॉर्टन खवळले. जॅझ १९०२मध्ये आपण निर्माण केला, असा दावा करणारं त्यांचं पत्र पुढे ‘डाऊनबीट’ या मासिकात छापून आलं. लायब्ररीत त्यांच्यासमोर बसले ते लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स, वय वर्षं तेवीस. कूलिज सभागृहातल्या पियानोशी बसून मॉर्टन बोलत राहिले, मध्येच वाजवत, गात राहिले आणि लोमॅक्स तबकड्या बदलत राहिले. वर्षअखेरीपर्यंत आठ तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं.

कृष्णवर्णीय संगीतकारांशी झालेल्या दीर्घ मुलाखतींचा इतिहास बहुधा इथून सांगायला सुरुवात करतात. गेली काही वर्षं मी या परंपरेतले उतारे मराठीत आणते आहे आणि पहिल्याच प्रश्नाशी अडते आहे. लोमॅक्स मॉर्टन यांना ‘यू’ म्हणतात. मॉर्टनही लोमॅक्सना ‘यू’च म्हणतात. इंग्रजीत विषय संपला. मराठीत मात्र प्रश्न विचारण्याआधी समोरच्याची जागा ठरवावी लागते: तू की तुम्ही? हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत. बंगालीतही तुई, तुमि, आपनि. म्हणजे हिंदी किंवा बंगाली अनुवादकाला आणखी एक पायरी मिळते, पण सुटका त्यांचीही नाही.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न असता तर संपादकांना विचारून मोकळी झाले असते. पण त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिण भागात आदरार्थी संबोधन हा कायद्याइतकाच कडक नियम होता. गोऱ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणायचं. कृष्णवर्णीय माणसाला, तो सत्तरीचा असला तरी, पहिल्या नावाने किंवा ‘बॉय’ म्हणून हाक मारायची. १९६३मध्ये अलाबामातल्या न्यायालयात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क कार्यकर्तीला सरकारी वकिलाने नुसतं ‘मेरी’ म्हटलं. मला ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय मी उत्तर देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांचा तुरुंगवास आणि पन्नास डॉलर दंड झाला. हे प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४मध्ये निकाल हॅमिल्टन यांच्या बाजूने लागला. एका संबोधनासाठी एवढी लढाई करावी लागली, ती मॉर्टन लोमॅक्ससमोर बसले त्यानंतर पाव शतकाने. मॉर्टन १९४१मध्ये वारले. त्यांच्या बोलण्यावरून लोमॅक्सनी १९५०मध्ये जे पुस्तक केलं, त्याचं नाव ‘मिस्टर जेली रोल’. या नावातला ‘मिस्टर’ मला आता नुसता शोभेचा वाटत नाही.

मार्च १९४७मध्ये लोमॅक्सनीच न्यूयॉर्कमध्ये आणखी एक संभाषण ध्वनिमुद्रित केलं. एका मैफलीसाठी तीन ब्लूज गायक शहरात आले होते: बिग बिल ब्रून्झी, मेंफिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन. ब्लूज कुठून येतात, या प्रश्नावरून तिघांचं बोलणं सुरू झालं आणि काही वेळाने ते एकमेकांशीच बोलू लागले. मिसिसिपीच्या काठावर बांध घालणाऱ्या मजुरांच्या छावण्या, मुकादमांची मारहाण, तुरुंगातली शेतं, झुंडीने केलेले खून. गाण्यात जे आडून यायचं, ते इथे उघड आलं.

या बोलण्यात तंबाखूचा एक किस्सा आहे. ‘प्रिन्स अल्बर्ट’ नावाच्या तंबाखूच्या डब्यावर एका गोऱ्या माणसाचं चित्र असे. दक्षिणेतल्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने नुसता ‘प्रिन्स अल्बर्ट’ मागून चालायचं नाही, ‘मिस्टर प्रिन्स अल्बर्ट’ म्हणावं लागायचं. तिघं यावर हसतात. हा किस्सा मराठीत आणताना मला तळटीप द्यावी लागली नाही. गावगाड्यात महाराने वाटेत भेटलेल्याला ‘जोहार मायबाप’ म्हणायचं आणि पाटलाच्या पोराने आजोबाच्या वयाच्या महाराला ‘अरे’ म्हणून बोलवायचं, ही रीत दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९७२मध्ये मुंबईतल्या तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ हे नाव ‘ब्लॅक पँथर’वरून दिलं. ते नाव घेताना त्यांना जे नातं दिसलं असेल, त्याचा एक धागा अशा हाकांमधून जातो.

ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर तिघं गायक हादरले. आपली नावं बाहेर आली तर दक्षिणेत राहणाऱ्या नातेवाइकांचं काय होईल, ही भीती होती. नावं द्यायची नाहीत, असं ठरलं. लोमॅक्सनी १९४८मध्ये या संभाषणावर लेख लिहिला तो नावं बदलून. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तबकडी निघाली, तेव्हाही तिच्यावर नॅचेझ, लीरॉय आणि सिब अशी टोपणनावं होती. विल्यमसन यांचा १९४८मध्ये शिकागोत खून झाला, ब्रून्झी १९५८मध्ये वारले आणि पॅरिसला स्थायिक झालेले मेंफिस स्लिम १९८८मध्ये. खऱ्या नावांची आवृत्ती निघाली १९९०मध्ये, तिघांपैकी एकही हयात नसताना. मुलाखत मोकळी झाली होती, पण तिच्यावर सही करण्याइतकं मोकळं जग बोलणाऱ्यांना मिळालं नाही.

तिसरा टप्पा आर्थर टेलर यांचा. टेलर स्वतः ड्रमवादक. माइल्स डेव्हिस यांच्या ‘माइल्स अहेड’वर आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’वर ड्रम त्यांचेच आहेत. १९६०च्या दशकात ते युरोपात राहायला गेले आणि दशकाच्या शेवटी टेप रेकॉर्डर घेऊन आपल्याच व्यवसायबंधूंच्या मुलाखती घेऊ लागले. माइल्स डेव्हिस, डिझी गिलेस्पी, मॅक्स रोच, नीना सिमोन, हेझल स्कॉट, ऑर्नेट कोलमन, केनी क्लार्क. ‘नोट्स अँड टोन्स’ हे पुस्तक त्यांनी १९७७मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे स्वतःच प्रकाशित केलं.

या पुस्तकात प्रश्न आखूड आहेत. पैसे कोण खातं, समीक्षकांबद्दल काय वाटतं, धर्म मानता का, चार्ली पार्कर कसे होते. आणि पुन्हा पुन्हा एक प्रश्न: ‘जॅझ’ हा शब्द तुम्हाला पटतो का? अनेकांना तो पटत नाही. आपल्या संगीताला हे नाव दुसऱ्यांनी दिलं, असं रोच यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं. मॉर्टन याच शब्दाच्या मालकीसाठी भांडत लायब्ररीत गेले होते. चाळीस वर्षांच्या आत तो शब्दच नाकारणारी पिढी आली. मला वाटतं, टेलर यांनी हा प्रश्न इतक्या सहज विचारला, कारण उत्तर त्यांनाही स्वतःसाठी हवं होतं. लोमॅक्सना तशी गरज नव्हती. ते इतिहास गोळा करत होते, टेलर त्या इतिहासात उभे होते.

आता माझ्या सर्वनामांकडे येते. मॉर्टन आणि लोमॅक्स यांच्यात मी दोन्ही बाजूंनी ‘तुम्ही’ ठेवलं आहे. यामुळे त्या काळाची रूक्षता पुसली जाते, असा आक्षेप माझ्या एका वाचक मित्राने घेतला. त्यात तथ्य आहे. पण ‘तू’ लिहिलं तर मॉर्टन यांच्याबद्दल आस्था असलेल्या तरुणाच्या तोंडी मी एक उद्दामपणा घालीन, जो तबकडीत ऐकू येत नाही. शिवाय मॉर्टन तिथे गेले होते ते आपली जागा मागायला. ती त्यांना मराठीत तरी आधीच मिळालेली असावी.

१९४७च्या त्रयीसाठी ‘तू’ आणि ‘अरे’ सोपं गेलं. ते मित्र आहेत आणि सारखेच पोळलेले आहेत. मात्र त्यांच्या गोष्टींमध्ये मुकादम बोलतो तेव्हा तोही ‘अरे’च म्हणतो. एकाच पानावर एकच शब्द एका ओळीत मायेचा आहे आणि पुढच्या ओळीत चाबकाचा. मी दोन्ही तसेच ठेवले आहेत.

टेलर यांच्या मुलाखतींत सर्वांना सरसकट ‘तू’ चालेल, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. माइल्स त्यांच्याहून तीन वर्षांनीच मोठे, तिथे ‘तू’ शोभतं. पण केनी क्लार्क? क्लार्क १९१४चे, टेलर १९२९चे. आधुनिक जॅझमध्ये तालाची मुख्य धुरा बास ड्रमवरून झांजेवर नेण्याचं श्रेय क्लार्क यांना दिलं जातं. टेलर यांची पिढी त्याच वाटेवर चालली. आपल्याकडे एखादा चाळिशीचा तबलजी पंचावन्न वर्षांच्या खलिफांशी बोलेल तेव्हा तो काय म्हणेल? म्हणून इथे टेलर ‘तुम्ही’ म्हणतात आणि क्लार्क त्यांना ‘तू’.

मिसिसिपीतल्या दुकानात ‘मिस्टर’ वसूल केला जात होता, तोही डब्यावरच्या चित्रासाठी. इथला ‘तुम्ही’ कुणी मागितलेला नाही. हाताने वाजवून दाखवलेल्या कामासाठी धाकट्याने तो थोरल्याला आपणहून दिलेला आहे. मूळ इंग्रजीत दोघांचाही ‘यू’ सारखाच दिसतो. मराठीत तो वेगळा काढता आला, हे या कामातलं माझं समाधान.