तारेआधी आलेली सीडी : खानदेश आणि इंटरनेटविना सॉफ्टवेअर (थ्रेड)

१/ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. बरोबर पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तीही प्रथम मुंबईसारख्या महानगरांतच. मग जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांतील संगणकांवर सॉफ्टवेअर पोहोचे कसे?

२/ आधी फ्लॉपीवरून, पुढे सीडीवरून. 'पीसीक्वेस्ट'सारखी मासिके अंकासोबत लिनक्सची सीडी देत. जळगाव मुंबईच्या मुख्य लोहमार्गावर, धुळे मुंबई–आग्रा महामार्गावर. टपाल आणि मासिके याच वाटांनी येत.

३/ इंटरनेट आल्यावरही सीडीची गरज सरली नाही. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, तरी ६५० एमबीची एक सीडी उतरवण्यास पंचवीस तासांहून अधिक वेळ लागे. तोवर दूरध्वनीचे बिल चढत राही.

४/ खरी अडचण मात्र पुढे होती. पॅकेजची फाइल हाती असली, तरी ती ज्या इतर पॅकेजांवर विसंबून असे, त्यांपैकी एखादे नसले की काम अडे. डेबियन लिनक्समधील 'डीपीकेजी' (१९९४) स्थानिक फाइल बसवी; उणीव असल्यास तिचे नाव सांगे, पण ती स्वतः भरून काढत नसे.

५/ १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत 'एपीटी' आले. लागणारी सारी पॅकेजे ते स्वतः शोधी आणि त्यासाठी सीडीचा संचही त्याला चाले. २००५ च्या डेबियन ३.१ मध्ये पंधरा हजारांहून अधिक पॅकेजे होती, १४ सीडींवर. जणू सारे कोठारच कपाटात!

६/ उबुंटू तर २०११ पर्यंत जगभर टपालाने विनामूल्य सीडी पाठवत असे. मागणी नोंदवण्यापुरते इंटरनेट मिळाले की पुरे.

७/ भारतीय संगणकयुगाचा इतिहास केवळ इंटरनेट जोडणीच्या तारखांवरून लिहिला, तर जिल्ह्यांची ही वर्षे त्यातून गळून पडतात. त्यांचा पुरावा आहे त्या सीडींत, त्यांच्या वेष्टनांवर आणि मासिकांच्या जुन्या अंकांत.

८/ इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच जुनी दप्तरे जपून आहे. कागदाला वाळवी लागते. घरी लिहिलेल्या सीडीचा थरही काळाने निकामी होतो. रद्दीत टाकण्यापूर्वी त्यांतील मजकूर उतरवून घ्यावा आणि वेष्टनावर वर्ष व गाव लिहून ठेवावे. उद्याच्या संशोधकासाठी हेच दप्तर असेल.