अतिरक्तदाबाचे रक्तगत निदर्शक : रेनिन व अल्डोस्टेरोन

रोहिण्यांतील रक्ताचा दाब स्वाभाविक मर्यादेपेक्षा सतत अधिक राहणे म्हणजे अतिरक्तदाब. दाब किती आहे हे दंडावर बांधलेल्या पट्ट्याने कळते. तो का वाढला हे पट्ट्याने कळत नाही. त्याचे कारण शोधण्यासाठी रक्तातील ज्या द्रव्यांचे मापन करतात त्यांना अतिरक्तदाबाचे रक्तगत निदर्शक म्हणता येईल. त्यांपैकी वृक्कात (मूत्रपिंडात) निर्माण होणारे रेनिन हे एंझाइम (शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) आणि वृक्कावरील अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरोन हे हॉर्मोन या जोडीचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे.

वृक्काचे विकार आणि हृदयाची वाढ यांचा संबंध रिचर्ड ब्राइट या इंग्रज वैद्यांनी १८३६ मध्येच दाखविला होता. तथापि वृक्कातून रक्तात एखादे द्रव्य मिसळते व ते दाब वाढविते, ही कल्पना प्रयोगाने प्रथम पुढे आली ती स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत. तेथील शरीरक्रियावैज्ञानिक रॉबर्ट टीगरस्टेड व त्यांचे सहकारी पेर गुस्ताव बर्गमन यांनी सशाच्या वृक्काचा अर्क दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचला, तेव्हा रक्तदाब चढला. अर्क उकळला असता हा गुण नाहीसा होई. वृक्काच्या बाह्यकापासून (बाहेरच्या थरापासून) काढलेला अर्क प्रभावी ठरे. या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले व १८९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सीपिओने रीव्हा-रोत्ची यांनी इटलीत दंडावरील फुगणाऱ्या पट्ट्याचा रक्तदाबमापक १८९६ मध्ये मांडला होता. एकाच सुमारास जन्मलेल्या या दोन साधनांपैकी पट्टा जगभर पसरला, रेनिन मात्र जवळजवळ चाळीस वर्षे विस्मृतीत गेले. टीगरस्टेड १९०० मध्ये हेलसिंकीला गेले व या विषयाकडे पुन्हा वळले नाहीत.

हा विषय पुन्हा जागा केला तो क्लीव्हलँडचे विकृतिवैज्ञानिक हॅरी गोल्डब्लाट यांनी. त्यांनी कुत्र्याच्या वृक्करोहिणीवर चांदीचा लहानसा चिमटा बसवून तिचा मार्ग अरुंद केला आणि कायम टिकणारा अतिरक्तदाब निर्माण करून दाखविला (१९३४). त्यानंतर ब्वेनस एअरीझ येथे एद्वार्दो ब्राउन-मेनेंदेस व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेत इंडियानापोलिस येथे अर्व्हिन पेज व त्यांचे सहकारी अशा दोन गटांनी १९३९-४० च्या सुमारास परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट शोधली : रेनिन स्वतः दाब वाढवीत नाही. यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा ते तोडते आणि त्या तुकड्यापासून रोहिण्या आकुंचित करणारे द्रव्य बनते. एका गटाने त्याला ‘हायपरटेन्सिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘अँजिओटोनिन’. दोन्ही नावे वर्षानुवर्षे शेजारीशेजारी नांदली. अखेर १९५८ मध्ये उभय नावांचे अर्धे अर्धे घेऊन ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव उभयतांनी मान्य केले. वैज्ञानिक वादांत असा समजूतदारपणा विरळाच. दरम्यान लेनर्ड स्केग्ज यांनी या द्रव्याची दोन रूपे असल्याचे दाखविले होते : पहिले दहा ॲमिनो अम्लांचे व निष्क्रिय, दुसरे आठ ॲमिनो अम्लांचे व प्रभावी.

जोडीतील दुसरे द्रव्य अल्डोस्टेरोन. ते १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्सन व जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांच्या सहकार्याने शुद्ध स्वरूपात मिळविले. ते वृक्काकडून सोडियम राखून घेवविते व पोटॅशियम मूत्रावाटे घालवते. पुढच्याच वर्षी ॲन आर्बर येथे जेरोम कॉन यांच्यापुढे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. स्नायूंचा अशक्तपणा, पेटके, अतिरक्तदाब आणि रक्तात अतिशय कमी पोटॅशियम अशी तिची लक्षणे होती. अधिवृक्क ग्रंथी अनावर अल्डोस्टेरोन स्रवत असावी असा तर्क कॉन यांनी केला. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एका ग्रंथीत सुमारे चार सेंटिमीटरचे अर्बुद (गाठ) सापडले. ते काढल्यावर रुग्णा बरी झाली. कॉन यांनी या विकाराला प्राथमिक अल्डोस्टेरोनाधिक्य म्हटले.

अल्डोस्टेरोन वाढलेले आढळले एवढ्यावरून मात्र निदान होत नाही. वृक्करोहिणी अरुंद झाल्यावर रेनिन वाढते, त्यामुळे अँजिओटेन्सिन वाढते आणि त्याच्या चेतनेने अल्डोस्टेरोनही वाढते. उलट गाठ स्वतःहून अल्डोस्टेरोन स्रवू लागली की, शरीरात मीठ व पाणी साचते आणि वृक्क रेनिन सोडणे जवळजवळ थांबविते. म्हणजे दोन्ही विकारांत अल्डोस्टेरोन अधिकच, पण एकात रेनिन जास्त व दुसऱ्यात कमी. कॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये रेनिनच्या या दडपलेल्या प्रमाणाचे निदानातील महत्त्व दाखविले. एक द्रव्य दुसऱ्याच्या संदर्भातच वाचावे लागते, हा या सर्व इतिहासाचा गाभा होय.

वाचायचे म्हणजे आधी मोजायचे, आणि तेच अवघड होते. रक्तातील हे प्रमाण अत्यल्प. प्रारंभी रक्तद्रवाचा (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाचा) अर्क उंदरासारख्या प्राण्याला टोचून त्याचा दाब किती चढतो ते पाहत. सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी इन्शुलिनासाठी शोधलेली, प्रतिपिंड व किरणोत्सर्गी द्रव्य वापरणारी मापनपद्धती (यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले) १९६९ मध्ये बॉस्टन येथे एडगर हेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओटेन्सिनाला लागू केली. या परीक्षेत रेनिनचे वजन करीत नाहीत. रक्तद्रव ३७° से. तापमानास ठेवून तासाभरात किती अँजिओटेन्सिन तयार झाले ते मोजतात. म्हणून तिला ‘रक्तद्रवातील रेनिन-क्रियाशीलता’ म्हणतात.

परीक्षेची खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेर लागते. मीठ कमी खाल्ले की रेनिन वाढते, भरपूर खाल्ले की घटते. रुग्ण उभा राहिला की वाढते. मूत्रल औषधे ते वाढवितात, तर बीटा-रोधक औषधे कमी करतात. नमुना बर्फात ठेवणे ही प्रयोगशाळांची नेहमीची दक्षता येथे घातक ठरते. रक्तद्रवात रेनिनचे निष्क्रिय पूर्वरूप पुष्कळ असते आणि गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत त्यातील काही सक्रिय होते. परिणामी कमी रेनिन असलेल्या रुग्णाचे प्रमाण खोटेच वाढलेले दिसते आणि बरा होऊ शकणारा विकार हातचा निसटतो. नमुना खोलीच्या तापमानात हाताळून रक्तद्रव वेगळा करावा व मग झटपट गोठवावा, हा नियम क्षुल्लक वाटला तरी त्यावर निदान अवलंबून असते.

न्यूयॉर्कचे जॉन लारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये २१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मूत्रातील सोडियमाच्या संदर्भात रेनिन मोजून रुग्णांचे कमी (२७ टक्के), मध्यम (५७ टक्के) व अधिक (१६ टक्के) रेनिन असे वर्ग पाडले. कमी रेनिनच्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेला नव्हता, या त्यांच्या निष्कर्षावर मोठा वाद झाला व इतरांच्या अभ्यासांतून त्याला सर्वत्र दुजोरा मिळाला नाही. कारणानुसार औषध निवडावे, हा लारांचा आग्रह मात्र आजही विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल या अँजिओटेन्सिनाची निर्मिती रोखणाऱ्या औषधास मान्यता मिळाली. अशी गुणकारी औषधे हाती आल्यावर रेनिन मोजण्याची निकड अनेकांना वाटेनाशी झाली असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच वर्षी जपानमध्ये अल्डोस्टेरोन व रेनिन यांचे गुणोत्तर चाचणी म्हणून मांडले गेले. पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रिचर्ड गॉर्डन यांनी पोटॅशियम स्वाभाविक असलेल्या रुग्णांतही हा विकार शोधून काढला. इटलीतील एका पाहणीत (२००६) नव्याने निदान झालेल्या ११२५ अतिरक्तदाबग्रस्तांपैकी ११·२ टक्के व्यक्तींत तो आढळला. त्यांपैकी बहुसंख्यांचे पोटॅशियम कमी नव्हते. ज्यांच्यात एकाच ग्रंथीचा दोष असतो त्यांना शस्त्रक्रियेचा व इतरांना स्पायरोनोलॅक्टोनसारख्या औषधांचा लाभ होतो. रेनिन फारच कमी असल्यास अल्डोस्टेरोन बेताचे असूनही गुणोत्तर फुगते, म्हणून नुसत्या गुणोत्तरावर विसंबत नाहीत.

एवढे असूनही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांच्या पाहणीत, औषधांना दाद न देणारा अतिरक्तदाब असलेल्या २,६९,०१० जणांपैकी केवळ १·६ टक्क्यांची ही चाचणी झाल्याचे दिसून आले. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत अतिरक्तदाब असलेल्या सर्वच व्यक्तींची अल्डोस्टेरोन व रेनिन मोजून तपासणी करावी, असे सुचविले आहे.