धुराड्यावाटे जाणारे धन

खानदेशात उष्णतेवर व्याख्यान देणे म्हणजे वैशाखात जळगावकरास ऊन कसे असते ते सांगण्यासारखेच होय. परंतु आजचा विषय असलेली उष्णता आकाशातून उतरणारी नव्हे. ती आपण पैसे मोजून घेतो आणि धुराड्यावाटे सोडून देतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीतील पिकाला एकाएकी मोल चढले. रेल्वे आली, सरकी काढण्याचे कारखाने निघाले. पुढे जळगावास मुळजी जेठा यांची, तर अमळनेर व धुळे येथे प्रतापशेठजींच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या काळच्या कापडगिरणीस चाक फिरविण्यास बळ हवे आणि ताण्याला दिलेली खळ सुकविण्यास ऊब हवी; दोन्ही गरजा एकाच आवारातील बॉयलर भागवी. वाफेचे एंजिन मोठे उधळे खरे. कोळशातील शक्तीचा दहावा हिस्साही चाकापर्यंत क्वचितच पोहोचे. तरीपण उष्णतेला गिऱ्हाईक दाराशीच होते.

पुढे मोठ्या वीजगृहांचे युग आले. १९६८ पासून भुसावळजवळील दीपनगर येथे वीज निघू लागली. घरोघर दिवे लागले, ही सोय लहान नव्हे. मात्र बळ आणि ऊब यांची ताटातूट झाली. कोळशाच्या वीजगृहात जळलेल्या इंधनाचा सुमारे एकतृतीयांश भाग वीज होतो. उरलेली उष्णता बव्हंशी शीतन-मनोऱ्यांतून आकाशात जाते. साखर कारखान्यांनी तेवढी जुनी रीत सोडली नाही. तेथे उसाच्या चिपाडावर झालेली वाफ आधी चाक फिरविते, मग रस आटविते.

आता वायुचक्राकडे, म्हणजे गॅस टर्बाइनकडे, वळू. हवा दाबावयाची, तीत इंधन जाळावयाचे आणि तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरवावयाची, एवढेच त्याचे मर्म. 'गॅस' शब्दाने फसू नये. १९३९ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी ब्राउन बोव्हेरी कंपनीने बसविलेले पहिले वीजनिर्मितीचे वायुचक्र तेलावरच चाले. ऐंशी वर्षांच्या ऑरेल स्टोडोला या यंत्रपंडितांनी त्याची परीक्षा घेतली. चक्रातून निघालेल्या १५,४०० किलोवॅटपैकी ११,४०० हवा दाबण्यातच खर्ची पडले! हाती उरले ४,०००, म्हणजे इंधनाच्या शंभरातील जेमतेम साडेसतरा भाग.

ही उधळपट्टी कशी आवरते, ते आपल्या उरणला दिसले. तेथील १०८ मेगावॅटच्या चार वायुचक्रांच्या सांडलेल्या उष्णतेवर वाफ करून १९९४ साली १२० मेगावॅटचे दोन संच जोडले गेले. इंधन न वाढविता २४० मेगावॅट पदरात पडले.

उरणचा व्याप मोठा. अमेरिकेतील कॅपस्टोन कंपनीने १९९८ च्या सुमारास विक्रीस आणलेले ३० किलोवॅटचे चक्र एका कपाटात मावते. त्याचा आस हवेच्या पातळ थरावर मिनिटास ९६,००० फेरे घेतो; वंगण नाही. पण इंधनाचा चौथा हिस्साच वीज होतो. निव्वळ विजेसाठी हा सौदा आतबट्ट्याचा. चांगले डिझेल एंजिन यास सहज मागे टाकील. मात्र बाहेर पडणारा सुमारे २७५ अंशांचा वायू कामास लावला, तर शंभरातील सत्तर-ऐंशी भाग सार्थकी लागतात.

जळगावच्या डाळ-गिरण्यांना वाळवणासाठी ऊब लागतेच. रावेर-यावलच्या केळ्यांना मात्र थंडावा हवा, आणि उष्णतेवर चालणारी शोषण-शीतयंत्रे तोही देतात. अडचण आपल्या उन्हाळ्याची आहे. या यंत्रांची शक्ती १५ अंशांच्या हवेत मोजलेली असते. ४५ अंशांवर हवा विरळ होते आणि तीच यंत्रे चांगलीच मंदावतात. म्हणजे केळ्यांच्या कोठारास गारवा सर्वांत अधिक लागावा, त्याच महिन्यात वीज कमी! यावर एक उपाय आहे: धुराड्याच्याच उष्णतेने केलेल्या गारव्याचा थोडा वाटा चक्रात शिरणाऱ्या हवेला द्यावयाचा. मग उरलेला केळ्यांना पुरतो किंवा नाही, हा हिशेब मे महिन्यातील दुपारी तीनच्या तापमानावर मांडला पाहिजे.