कधी लागते, कधी लागत नाही

आपल्या बॅचमधले बरेच जण संगणकाच्या क्षेत्रात गेले. जे गेले नाहीत त्यांनीही बँकेच्या खिडकीपाशी 'सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या' हे ऐकलेलेच आहे. थोड्या वेळाने गेले की काम होते आणि बिघाड कुठे होता हे कुणी विचारत नाही. अशा येत्या-जात्या बिघाडांनाही इतिहास आहे. तो थोडक्यात मांडतो.

एका संगणकासमोर बसून दूरच्या संगणकात शिरणे म्हणजे रिमोट लॉगिन. अर्पानेट या जाळ्यावर त्याचा पहिला प्रयत्न २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्राला 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून पाठवत होता. 'एल' पोचला, 'ओ' पोचला आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. दोन्ही टोकांची माणसे फोनवर बोलत होती, म्हणून कुठवर पोचले ते लगेच कळले. साधारण तासाभरात लॉगिन जमले.

त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला. १९८३ पर्यंत बर्कलीच्या युनिक्समधून जाळ्यावरचे लॉगिन विद्यापीठांत पसरू लागले आणि 'मघाशी लागले, आता लागत नाही' ही तक्रारही सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतले माइक म्युस जाळ्याच्या विचित्र वागण्याने त्रासले होते. त्यांनी 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिहिला. तो पलीकडच्या यंत्राला पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि किती वेळा 'ओ' आली, किती वेळाने आली, ते मोजतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर होते अवघे ४०० यार्ड! व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी शोध घेतला. उत्तर आले नाही म्हणून तेच पत्र पुन्हा पुन्हा टपालात टाकावे आणि ढिगाऱ्याखाली टपालखातेच अडकावे, तसे यंत्रांचे झाले होते. गर्दी दिसली की हात आखडता घ्यायचा आणि मग हळूहळू वाढवायचा, हे त्यांनी यंत्रांना शिकवले. इंटरनेट आजही त्या शिकवणीवर चालते.

१९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनी एसएसएच आणले आणि पासवर्ड उघडा जाणे थांबले. जुनी दुखणी मात्र उरली. त्यातले एक पाहा. पिंगला 'ओ' येते, पण लॉगिन कधी चटकन होते, कधी बराच वेळ रखडते. पुष्कळदा कारण असे असते की सर्व्हर आत घेण्याआधी येणाऱ्याचे नाव नोंदवहीत शोधतो. नोंदवह्या एकाहून अधिक असतात. त्यातली एक बंद असली, तर विचारणा तिच्याकडे गेली की खोळंबा होतो, दुसरीकडे गेली की होत नाही. अशा वेळी पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही.

अशा बिघाडाचा सर्वांत मोठा तोटा माणसाला होतो. तक्रार करणाऱ्याने कुणाला दाखवायला जावे, तर नेमके तेव्हा सगळे सुरळीत चालते. मग 'तुम्हालाच जमत नाही' हा शिक्का बसतो, आणि तो बहुधा नवख्यावरच बसतो. त्यावर उपाय एकच. किती वाजता, कोणत्या यंत्रावरून, दहापैकी किती वेळा आणि कोणत्या पायरीवर अडले, हे लिहून ठेवायचे.

आपले गणिताचे गुरुजन नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देत नसत, पायऱ्या मागत. क्लाइन, म्युस, जेकबसन यांनीही पायऱ्याच तपासल्या. म्हणून गुरुजनहो, तुमची ती शिस्त यंत्रांच्या जगातही कामी येते, हे इथे कृतज्ञतेने नोंदवतो. आणि मित्रांनो, यापुढे कुणी 'आता चालतंय ना?' म्हटले, तर 'मघाशी का अडले होते?' एवढे जरूर विचारा.