अजिंठ्याला स्पेअर पार्ट मिळत नाही

मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर ओळखायचा असेल, तर आधी त्याचं टेबल बघावं. फोन उघडला की निघालेला प्रत्येक स्क्रू तो ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमाने चुंबकाच्या मॅटवर मांडतो. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, आणि आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला तर आतल्या बोर्डालाच इजा होते. मी हौसेने घरी जुने रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्त करतो. माझ्याकडे प्लास्टिकचे खण आणि चिठ्ठ्या आहेत, पण नियम तोच: काय निघालं, कुठून निघालं, हे लिहिल्याशिवाय पुढच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

हा नियम इतका का महत्त्वाचा, ते मला सर्वांत स्पष्ट अजिंठ्याच्या इतिहासात दिसतं. कारण तिथे दुरुस्ती करायची होती, आणि स्पेअर पार्ट नव्हता.

स्पेअर पार्ट ही गोष्ट आपण गृहीत धरतो. पण पूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच असं नव्हतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचं एकच माप ठरवण्याचा प्रस्ताव मांडला तो १८४१ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४४ मध्ये, मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली.

मूळ चित्रं झडत होती, म्हणून त्यांची दुसरी जोडी तयार करून ठेवायची. एका अर्थाने हे स्पेअर जमवणंच होतं. गिलने त्यात वर्षानुवर्षं घालवली. प्रती लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा लेण्यांत बसले. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. दोन्ही वेळा सगळे सुटे भाग एकाच खणात होते, असं म्हणायला हरकत नाही.

उरली ती मूळ चित्रं. आता त्यांचीच दुरुस्ती हवी होती. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथल्या पुरातत्त्व खात्याची सूत्रं गुलाम याझदानी यांच्याकडे होती. संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी चित्रं साफ केली, भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा धरून ठेवला, तुटक्या कडा बांधून काढल्या. ते नसते तर आज दिसणारी काही चित्रं पडूनच गेली असती.

पण त्यांनी चित्रांवर शेलॅकचा हातही दिला. शेलॅक म्हणजे आपली लाखच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळणारी. सुतार तिची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतो. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांतही तीच असायची. माझ्या कपाटातही तिची बरणी आहे. लाकडाला ती शोभते. अजिंठ्यात मात्र तिच्याखाली लाकूड नव्हतं. तूस आणि तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग होते. वर्षं गेली तसं शेलॅक पिवळं पडलं, काळवंडलं, त्याला तडे गेले. चित्र वाचवायला लावलेला थर चित्र झाकू लागला.

पुढे लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांना दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली. द्रावकं वापरून, एकेक छोटा तुकडा घेऊन, खालचा रंग न उचलता वरचं शेलॅक काढायचं. लावायला दोन मोसम पुरले. काढण्याचं काम अनेक दशकं चाललं.

चेकोनींना दोष देणं सोपं आहे. त्या काळी चित्रांवर वार्निश देणं ही रीतच होती. माझ्या दृष्टीने धडा वेगळा आहे: आपण जे घालतो, ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. म्हणून सोल्डर चालतो, पण सगळं फेविक्विकने चिकटवून टाकणं चालत नाही. म्हणून बदललेला जुना कपॅसिटर फेकायचा नाही, चिठ्ठी लावून वेगळ्या खणात ठेवायचा.

तुम्ही घरी अशी पेटी लावणार असाल, तर पकडी आणि पेचकस कुठेही ठेवा, ते बाजारात पुन्हा मिळतात. पहिला खण मात्र काढलेल्या भागांचा ठेवा, आणि त्यात एक वही. यंत्र पुन्हा उघडेल तो बहुधा तुम्हाला ओळखत नसेल. त्याला तुमचं अक्षर तेवढं वाचता आलं पाहिजे.