समुद्रतळावरच्या पाइपलाइनला लाटांचा धोका असतो का?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या 'मुंबई हाय'मधलं तेल आणि वायू पाइपलाइनने उरणला येतात. तिथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. मग वरच्या लाटांचा तळाशी काय संबंध?

लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दर १२ सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात सुमारे २२५ मीटर लांब असते. म्हणजे तिचा परिणाम ११० मीटरपर्यंत पोहोचतो!

तळाशी पाणी पुढे-मागे होत राहतं. त्यामुळे पाइप बाजूला ढकलला जातो, वरही उचलला जातो. खालची वाळू वाहून गेली की तेवढा भाग अधांतरी राहतो, थरथरतो आणि कालांतराने धातूला तडे जाऊ शकतात. लाटांच्या दाबाने तळाची वाळू चिखलासारखी पातळ झाली, तर हलका पाइप वर येतो आणि जड पाइप आत रुततो.

उपाय काय? काँक्रीटचा थर देऊन पाइपचं वजन वाढवतात, चर खणून तो पुरतात किंवा त्यावर दगड टाकतात. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात लाटांचा जोर तळाशी जास्त लागतो, म्हणून तिथे पाइप पुरणं महत्त्वाचं. कारण तेलाचा पाइप फुटला, तर पहिला फटका मासेमारीला बसतो.