शाळेच्या सुतारकामातले जपानी विमान

विमानाची लाकडी प्रतिकृती म्हटली की खेळणे किंवा काचेच्या कपाटातली शोभेची वस्तू डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धात मात्र ती शिकवण्याचे साधन होती आणि ती घडवणारे कितीतरी हात शाळकरी मुलांचे होते. इतिहास, भूमिती आणि कार्यानुभव या तिन्ही तासांना उपयोगी पडेल अशी ही हकीकत शिक्षकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटते.

सुरुवात रत्नागिरीपासून करू. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्यामुळे ब्रह्मदेश हे नाव येथल्या मुलांना परके नाही. त्याच ब्रह्मदेशातले रंगून शहर ८ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्याच्या हाती पडले. ५ एप्रिलला जपानच्या विमानवाहू जहाजांवरील विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बाँब पडले. रत्नागिरीहून कोलंबो सरळ रेषेत सुमारे १३०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावून मुलांना हे अंतर काढायला सांगावे, म्हणजे युद्ध किती जवळ आले होते ते त्यांच्या लक्षात येईल.

कोलंबोवरील बाँबफेकी विमानांच्या रक्षणासाठी जी लढाऊ विमाने आली, त्यांचे नाव ‘झीरो’. जपानी कालगणनेनुसार इ. स. १९४० हे २६०० वे वर्ष. त्या वर्षी विमान नौदलात दाखल झाले, म्हणून शेवटच्या शून्यावरून हे नाव पडले. जपानी नौदलाने १९३७ मध्ये वेग, चपळाई आणि लांब पल्ला या तिन्ही गोष्टी एकाच विमानात मागितल्या होत्या. मित्सुबिशी कंपनीचे अभियंते जिरो होरिकोशी यांच्यापुढे मोठे इंजिन वापरण्याचा मार्ग नव्हता. पुढे विमानात बसले ते इंजिन सुमारे ९४० अश्वशक्तीचे होते. तेव्हा उरला एकच उपाय, वजन कमी करणे. पंखांच्या मुख्य तुळईसाठी त्यांनी ॲल्युमिनियम व जस्त यांचा नवा, बळकट मिश्रधातू वापरला. वैमानिकामागे चिलखती पत्रा ठेवला नाही आणि इंधनाच्या टाक्यांना गोळीचे भोक आपोआप बुजवणारे अस्तरही दिले नाही. असे हे आधुनिक विमान १९३९ मध्ये पहिल्या उड्डाणासाठी नागोयाच्या कारखान्यातून सुमारे ४८ किलोमीटर दूरच्या धावपट्टीवर नेले गेले, ते सुटे करून बैलगाड्यांवरून!

आता प्रतिकृतीकडे वळू. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखायला काही सेकंदच मिळत. ओळख चुकली तर काय होते ते ६ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडमध्ये दिसले. ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन विमानांना शत्रूची समजून पाडले आणि त्यात एका वैमानिकाचा जीव गेला. चित्रावरून विमानाची एकच बाजू कळते. प्रतिकृती मात्र हातात धरून खालून, समोरून, तिरकी अशी हवी तशी पाहता येते. म्हणून १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदल आणि तेथील शिक्षण खाते यांनी शाळांना पाच लाख लाकडी प्रतिकृती बनवून देण्याचे आवाहन केले. त्यात स्वतःची, मित्रांची आणि शत्रूचीही विमाने होती. सुतारकामाच्या वर्गात मुलांनी ठोकळे तासले, पुठ्ठ्याचे साचे लावून आकार तपासले आणि तयार विमाने काळी रंगवली. रंग व खुणा पाहून नव्हे, तर बाह्याकृतीवरूनच विमान ओळखता यावे हा काळ्या रंगामागचा हेतू.

प्रमाण १:७२ होते, म्हणजे एका इंचाला सहा फूट. हे प्रमाण समरूप त्रिकोणांच्या पाठाला फार सोयीचे आहे. १० मीटरवर धरलेली प्रतिकृती डोळ्याला ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढीच दिसते. शाळेचा व्हरांडा २० मीटर लांब असेल, तर त्याच्या टोकाला जवळजवळ दीड किलोमीटरवरचे विमान उभे करता येते!

याच प्रमाणाने तीन विमाने मापून पाहू. झीरोच्या पंखांचा विस्तार १२ मीटर, म्हणून प्रतिकृतीत १६७ मिलिमीटर. ब्रिटिश हरिकेनचा ४० फूट, म्हणजे १६९ मिलिमीटर. हा दोन मिलिमीटरचा फरक आकाशात कोणाला कळणार? ओळख पटते ती नाकावरून. झीरोच्या इंजिनाचे सिलिंडर वर्तुळात मांडलेले, म्हणून त्याचे नाक बोथट व गोल, तर हरिकेनचे निमुळते. तिसरे जपानी भूदलाचे ‘हायाबुसा’. ब्रह्मदेशाच्या आकाशात प्रामुख्याने हेच होते, पण त्याचेही नाक गोल असल्याने शत्रूचे वैमानिक त्याला अनेकदा झीरोच समजत.

वजनाचे गणितही करून पाहावे. लांबी ७२ पट कमी झाली की घनफळ ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी होते. रिकाम्या झीरोचे वजन सुमारे १६८० किलोग्रॅम. त्याला या संख्येने भागले की उत्तर येते केवळ साडेचार ग्रॅम. भरीव लाकडाची प्रतिकृती याहून जड भरते. खरे विमान आतून किती पोकळ असते, हे मुलांना येथे तराजूवर कळते.

प्रतिकृतीवरून आकार कळतो, पण दोष कळत नाहीत. ते कळायला खरे विमान हाती यावे लागले. ४ जून १९४२ रोजी अलास्काजवळच्या अकुतान बेटावर एक झीरो दलदलीत उतरताना उलटले. अमेरिकनांनी ते दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये उडवले. विमानाचे नाक एकदम खाली दाबले की इंजिन अडखळते आणि मोठ्या वेगात विमान कुशीवर वळवणे जड जाते, असे त्यात आढळले. पुढे शत्रूची विमाने अधिक शक्तिशाली झाली, तेव्हा वाचवलेल्या प्रत्येक किलोची किंमत जपानी वैमानिकांना मोजावी लागली. ऑक्टोबर १९४४ पासून तर याच विमानांना २५० किलोग्रॅमचे बाँब बांधून, परत न येण्यासाठी, तरुण वैमानिकांना पाठवण्यात आले.

हा उपक्रम आपल्याकडेही सहज करता येईल. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या सावंतवाडीत खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरत आले आहेत. ते तासायला मऊ असते. आधी पुठ्ठ्याचे साचे कापावेत, मग झीरो आणि हरिकेन अशी जोडी करावी व व्हरांड्याच्या टोकाला धरून बाकीच्यांना ओळखायला सांगावे. शेवटी प्रत्येक विमानाखाली एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर मापे व साल तर असावेतच, पण विमान हलके करण्यासाठी काय गाळले आणि त्याचा भार कोणावर पडला, हेही मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे.